आतली खोली

जहाजावर जाताना खोली कुठली घ्यावी, असं गेल्या दोन-तीन महिन्यांत मला चौघांनी विचारलंय. माहेर-सासर मिळून आमच्या गोतावळ्यात क्रूझवर जाऊन आलेले पहिले आम्हीच, त्यामुळे किकवीसारख्या, समुद्राशी काडीचाही संबंध नसलेल्या गावची मुलगी आता या विषयातली जाणकार समजली जाते. फोनवर मी "बघून सांगते" म्हणते आणि विषय बदलते. कारण एका वाक्यात उत्तर दिलं तर ते अर्धं खोटं असतं, आणि पूर्ण द्यायचं तर घरातलं बरंच काही सांगावं लागतं. शेवटी आईलाच विचारलं, लिहू का? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "लिही की. फक्त नावं नको घालू." तर नावं न घालता लिहिते. जहाजाचंही नाव घालत नाही, कारण जे झालं त्यात जहाजाचा काहीच दोष नव्हता.

आधी ज्यांना नुसती माहिती हवी आहे त्यांच्यासाठी.

खोल्यांच्या साधारण चार पायऱ्या असतात. सगळ्यात स्वस्त ती आतली, म्हणजे इनसाइड. जहाजाच्या पोटात, दोन्ही बाजूंच्या बोळांच्या मधोमध. हिला खिडकी नसते. त्यावरची खिडकीची. काच पक्की बसवलेली, उघडत नाही, पण बाहेरचं दिसतं. मग बाल्कनीची. आणि सगळ्यात वर सूट (सवलतवाली नव्हे, मोठ्या खोलीवाली. सवलत तिथे कधीच नसते). आतली खोली दीडशे चौरस फुटांच्या आसपास असते, म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या मुलांच्या बेडरूमपेक्षाही जरा आखडती. दर माणशी सांगतात, तोही खोलीत दोघं राहणार असं धरून. एकटा माणूस गेला तर रिकाम्या पलंगाचेही बरेचसे पैसे त्याच्याच बोकांडी बसतात. त्यावर कर, बंदराचे आकार, कर्मचाऱ्यांची बक्षिसी असं काय काय लागतं. जाहिरातीतला आकडा आणि शेवटी भरायचा आकडा यांची क्वचितच भेट होते.

गंमत अशी की खोली वेगळी असली तरी बाकीचं जहाज बहुतेक सगळ्यांना सारखंच. जेवण तेच, गाणी-बजावणी तीच, डेकवरचा वारा तोच. म्हणून आतल्या खोलीचे भक्त म्हणतात, झोपायलाच तर जायचं असतं! आणि बाल्कनीचे भक्त म्हणतात, समुद्रावर जाऊन समुद्र बघायचा नाही तर गेलात कशाला? दोघांचंही खरं आहे. याशिवाय लहानसहान गोष्टी आहेत. जहाज सगळ्यात कमी डुलतं ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर, म्हणजे ज्यांना गाडी लागते त्यांनी उंचावरची महागडी खोली घेऊन स्वतःचे हाल करून घेऊ नयेत. काही खिडक्यांसमोर नेमकी लाईफबोट टांगलेली असते. आणि "खोलीचा नंबर आम्ही नंतर ठरवू" अशा बोलीवर थोडं स्वस्त मिळतं, पण मग नशिबात डिस्कोच्या खालची खोली आली तर तक्रार करायची नाही.

माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या. त्यांना हे सगळं सांगितलं तर त्या खूप हसल्या. त्यांच्या लहानपणी मुंबईहून कोकणात बोट जायची. पावसाळ्यात ती बंद, आणि एरवी बहुतेकांचं तिकीट डेकचं. लोअर डेकवर वळकटी पसरायची, इंजिनाचा वास, पोरांच्या ओकाऱ्या आणि कुणाच्या तरी ट्रंकेला टेकून काढलेली रात्र. बंदरात बोट धक्क्याला लागायचीच असं नाही. दूर उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला यायचं. "वर केबिनी होत्या, पण त्या कुणासाठी होत्या ते आम्हाला माहीत नव्हतं," असं त्या म्हणतात. इंग्रजीतल्या 'पॉश' या शब्दाची एक गोष्ट सांगतात तीही याच प्रवासाची. विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची केबिन सावलीत राहते, म्हणून श्रीमंत लोक जास्त पैसे मोजून ती घेत, आणि त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' आला म्हणे. गोष्ट छान आहे, पण तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. खोलीला बाल्कनी असणं हा प्रकार तर त्या मानाने अगदी अलीकडचा. 1984 साली 'रॉयल प्रिन्सेस' नावाचं जहाज आलं, त्यात सगळ्याच खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या, याचं तेव्हा मोठं कौतुक झालं होतं. आणि आता उलटा प्रकार. 2011 साली 'डिस्ने ड्रीम'वर आतल्या खोल्यांमध्ये खिडकीच्या आकाराचे पडदे बसवले आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र त्यावर दाखवायला सुरुवात केली.

असो. आता आमची गोष्ट.

2023 साली आई-आप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आप्पा तेव्हा शहात्तर वर्षांचे. उभी नोकरी एसटीत, भोर आगारात ड्रायव्हर म्हणून. वरंध घाटाने महाड, हिर्डोशी-भुतोंड्याकडच्या मुक्कामी गाड्या, पुणे-स्वारगेट, सगळं केलं. मुक्कामी गाडी म्हणजे काय ते नव्या पिढीला सांगायला हवं. संध्याकाळची शेवटची गाडी लांबच्या गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच रात्र काढतात आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून निघते. आप्पांनी आयुष्यातल्या कितीतरी रात्री एसटीच्या मागच्या लांब सीटवर काढल्या आहेत. पण स्वतःच्या हौसेसाठी प्रवास? पंढरपूर, तुळजापूर आणि एकदा माझ्या नणंदेच्या लग्नाला नाशिक. संपलं.

माझी धाकटी बहीण टोरांटोला असते. तिनेच टूम काढली की दोघांना जहाजावर पाठवायचं. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. सोबत मी आणि माझा नवरा जायचं, कारण दादाला रजा मिळत नव्हती. खर्च तिघांनी सारखा वाटून घ्यायचा. इथपर्यंत सगळं गोड होतं. मग खोली ठरवायची वेळ आली.

बहिणीचं म्हणणं, बाल्कनीच. "आयुष्यात एकदाच जाणारेत, पैशाचा विचार करू नका, कमी पडले तर मी घालते." दादाचं म्हणणं, आतली. बाल्कनीचे पैसे आतलीच्या दुपटीजवळ जात होते, आणि दादाच्या मुलाची त्याच वर्षी इंजिनिअरिंगची फी भरायची होती. पण तो फीचं बोलला नाही, तो म्हणाला "झोपायलाच तर जायचं". आणि बहीण "मी घालते" म्हणाली ते त्याला लागलं, हे तिला तिथे बसून कळलं नाही. मला दोन्हीकडचं कळत होतं, आणि अशा वेळी मधलं भावंड जे करतं ते मी केलं. एक्सेलची शीट केली! कुठल्या मजल्यावर किती, खिडकीचे किती जास्त, बाल्कनीचे किती. खिडकीची खोली बघता बघता मागे पडली. ती कुणाचीच नव्हती ना, म्हणून.

बहिणीला पटवायला मी जो मुद्दा शोधून काढला त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मी म्हटलं, अगं, आपल्या गावठाणातल्या जुन्या घराचं माजघर आठव. त्याला कुठे खिडकी होती? आप्पांचा जन्म त्या माजघरात झाला, आजी गेली तीही तिथेच. उन्हाळ्यात दुपारी गार, थंडीत उबदार, दार लावलं की काळाकुट्ट अंधार. आप्पा तिथे काय गाढ झोपायचे! इनसाइड केबिन म्हणजे जहाजाचं माजघर, आणि बाल्कनी म्हणजे ओसरी. ओसरीवर कुणी झोपतं का?

बहीण हसली आणि हो म्हणाली. असा तो निर्णय माझ्या माजघरावर झाला.

आईला मी विचारलं नव्हतं असं नाही. ती म्हणाली, "कुठली बी चालंल, पण बाल्कनी नको. वारा लागतो ह्यांना." मला वाटलं, नेहमीसारखा आमचा खर्च वाचवतेय. मग तिने तीन प्रश्न विचारले. दाराला आतून वरची कडी असते का? रात्रभर दिवा चालू ठेवला तर कुणी रागावतं का? आणि तुमची खोली आमच्या शेजारीच असंल ना? मी तिन्ही प्रश्नांना हसत हसत उत्तरं दिली. कडी नसते, कार्डाचं कुलूप असतं. दिवा हवा तितका लाव. आणि हो गं, शेजारीच. ती "बरं" म्हणाली. वरची कडी कशाला हवी, हे मी विचारलं नाही. आजही ते "बरं" आठवलं की मला पोटात कसंतरी होतं.

डिसेंबरात आम्ही निघालो. बॅलार्ड पिअरला पोचल्यावर बॅगा ताब्यात घेतल्या, तपासण्या झाल्या, प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं कार्ड आलं. आप्पांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "बिल्ला मिळाला." एसटीत ड्रायव्हरला बिल्ला असतो. आम्ही हसलो. आप्पा खरंच मजेत होते. जहाज केवढं मोठं यापेक्षा ते वळतं कसं, याचंच त्यांना जास्त पडलेलं. "ह्याला ब्रेक नस्तोय, म्हंजे आधीपास्नं इचार करायला पायजे," असं त्यांनी माझ्या नवऱ्याला दोनदा सांगितलं. निघण्याआधी सगळ्यांना जमवून लाईफ जॅकेटची तालीम देतात, ती आमच्या शेजारची तरुण मंडळी मोबाईलमध्ये डोकं घालून उरकत होती आणि आप्पा एकटे हात पाठीमागे बांधून शेवटपर्यंत ऐकत होते. संध्याकाळी जहाज हललं, मुंबईचे दिवे मागे सरकायला लागले, कुलाब्याच्या टोकाचं प्रोंग्ज दीपगृह दिसलं. आईने पदर डोक्यावरून घेतला होता आणि ती काही न बोलता बघत होती. बहिणीला व्हिडिओ पाठवला. सगळं जसं ठरवलं होतं तसं.

खोलीत गेल्यावर आप्पा सरळ पडद्याकडे गेले. हो, खिडकी नसली तरी पलंगाच्या वरच्या भिंतीवर पडदा लावलेला होता. कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून असेल. आप्पांनी तो बाजूला सारला. मागे आरसा. त्यांनी स्वतःकडे बघितलं, पडदा परत जागच्या जागी ओढला, आणि काठ सारखा केला. मी म्हटलं, "आप्पा, ही आतली खोली आहे, माजघरासारखी." ते म्हणाले, "व्हय."

रात्री पावणेतीनला आमच्या दारावर थाप पडली. आई होती. पायात चपला नाहीत. "हे खोलीत न्हाईत. खालनं फोन आला."

तो बोळ मला अजून दिसतो. लांबच लांब, दोन्हीकडे एकसारखी दारं, गालिचा, आणि दिवसा होता तसाच उजेड. कुठून आलो आणि कुठे चाललो हे चांगल्या माणसाला कळू नये. रिसेप्शनला गेलो तर आप्पा खुर्चीत बसले होते. पायजमा, बनियन, गळ्यात ते कार्ड. हातात चहाचा कप. शेजारी जहाजावरचा एक मुलगा उभा होता, गोव्याचा, कोकणी वळणाचं मराठी बोलणारा. त्याने सांगितलं की काका दोन मजले खाली, कर्मचाऱ्यांच्या जिन्यापाशी सापडले. गाडी कुठे लावलीय असं विचारत होते. "मी म्हटलं, काका, गाडी सुटायला वेळ आहे, चहा घ्या." कार्डावरून खोली शोधून त्यांनीच फोन केला होता. आईला दोन-तीनदा रिंग झाल्यावर जाग आली, कारण त्या रात्री ती, तिच्या शब्दांत, "मेल्यासारखी" झोपली होती.

आप्पांनी मला बघितलं आणि जरा वैतागले. "तू कशाला आलीस? चारची गाडी हाय. काढायचीय मला."

मी काहीच बोलू शकले नाही. आईच पुढे झाली. तिने त्यांच्या हातातला कप घेतला आणि अगदी सहज, रोजचं वाक्य असावं तसं म्हणाली, "आज तुमची सुट्टी हाय. चला." आणि ते उठले.

ते वाक्य रोजचंच होतं.

आप्पा झोपल्यावर आम्ही दोघी बोळात, दाराला पाठ टेकून गालिच्यावर बसलो, आणि आईने सांगितलं. हे वर्षभर चाललं होतं. दिवसा ठीक असतात, कधी नाव चुकतात, कधी तेच पुन्हा विचारतात, वयच आहे म्हणून आम्ही सोडून द्यायचो. पण रात्री उठतात. गाडी काढायला निघतात. म्हणून तिने किकवीच्या घराच्या दाराला वर, हात पुरणार नाही अशा जागी कडी बसवून घेतली होती. आणि खोलीच्या दाराला बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगुरमाळ टांगली होती. ती घुंगुरमाळ मी दिवाळीत बघितली होती! "छान दिसतेय" म्हणून फोटोही काढला होता.

पण तिथे बहुतेक रात्री निभावतं, ती म्हणाली. आमच्या नव्या घराची झोपायची खोली रस्त्याकडे आहे. पुणे-सातारा रस्ता रात्रभर वाहतो. कापूरहोळकडून येणाऱ्या ट्रकचा उजेड खिडकीतून भिंतीवर सरकत जातो, आम्हाला लहानपणी त्याने झोप यायची नाही. आप्पा उठून बसले की आई म्हणते, बघा, सातारा रोड. ते खिडकीकडे बघतात, आवाज ऐकतात, भरलेला ट्रक आहे की रिकामा ते सांगतात, आणि परत आडवे होतात. पाचला दुधाची गाडी, मग देवळातला भोंगा. त्यांचं घड्याळ भिंतीवर नव्हतंच, ते रस्त्यावर होतं.

आणि मी त्यांना अशा खोलीत ठेवलं होतं की जिथे दिवा मालवल्यावर छताला एक बारीक ठिपका सोडून काही दिसत नव्हतं. दिवा आईने चालू ठेवला होता, पण आप्पांनीच तो "बिल येतंय" म्हणून बंद केला. मग जाग आली तेव्हा ना रस्ता, ना खिडकी, ना रात्र की पहाट याचा पत्ता. फक्त खालून इंजिनाची घरघर. तुम्हीच सांगा, ज्या माणसाने आयुष्यभर मुक्कामी गाडीत रात्री काढल्या, त्याला अशा वेळी काय वाटणार?

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. जरा ओरडूनच विचारलं बहुतेक.

"सांगितलं असतं तर तुम्ही ह्यांना पुण्याला नेलं असतंत. चौथ्या मजल्यावर. तिथं कुठला रस्ता दाखवू मी?"

यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही.

सकाळी आठला मी काउंटरवर जाऊन उभी राहिले. खिडकीची एक खोली रिकामी होती. फरक भरला आणि आई-आप्पांना तिकडे हलवलं. आता तुम्हाला वाटेल की खिडकी मिळाली आणि सगळं सुरळीत झालं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या रात्री मी त्यांच्याच खोलीत, दाराशी खाली गादी टाकून झोपले. साडेतीनला आप्पा उठलेच. आई म्हणाली, बघा, बाहेर बघा. बाहेर काळं पाणी आणि लांब कुठेतरी एका मच्छीमार होडीचा दिवा. आप्पा बराच वेळ बघत राहिले. समुद्र आहे हे त्यांना कळलं का, मला नाही सांगता येत. "कोणतरी थांबलंय," असं म्हणाले. मग पडले, पण झोपले नाहीत. उजाडायला लागलं तशी काच राखाडी झाली, मग पांढरी, तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला. आम्ही तिघंही त्या दिवशी मुरगाव बंदरात उतरलो नाही. माझा नवरा एकटा मंगेशीला जाऊन आला.

नवऱ्याबद्दल एक सांगायलाच हवं. त्याला ती आतली खोली प्रचंड आवडली. पहिल्या रात्रीच्या गोंधळानंतरही तो परत जाऊन झोपला आणि सकाळी साडेनऊपर्यंत त्याला पहाटच वाटत होती. अशी झोप कॉलेज सोडल्यापासून लागली नव्हती म्हणतो. पुन्हा गेलो तर तीच घ्यायची, असं त्याने आत्ताच सांगून ठेवलंय. तेव्हा आतली खोली वाईट असते, असं मी म्हणतेय असं कृपया कुणी समजू नका.

परत आल्यावर तिघा भावंडांचा फोन झाला. बहीण रडत होती. "मी बाल्कनी म्हणत होते," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी पैसे वाचवले." दादा काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाल्कनीचं दार आतनं उघडतं ना गं?"

टोरांटोहून बराच वेळ काही आवाज आला नाही.

आईने बाल्कनी नको म्हटलं ते वाऱ्यासाठी नव्हतं. हे तिने आम्हाला अजूनही शब्दांत सांगितलेलं नाही, आणि आम्हीही विचारलेलं नाही.

मग पुण्यात डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आजाराचं नाव कळलं. औषधाने बरा होणारा तो नाही, हेही कळलं. डॉक्टरांनी सांगितलं की संध्याकाळनंतर आणि रात्री गोंधळ वाढणं या आजारात पुष्कळदा दिसतं. जागा नवी असली, अंधार असला, दिवस की रात्र हे कळायला काही खूण नसली की जास्तच. मंद दिवा ठेवा, समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवा, ओळखीच्या वस्तू ठेवा, शक्यतो जागा बदलू नका. आईने हे सगळं ऐकून घेतलं. यातलं बहुतेक ती वर्षभर करतच होती, कुणी न शिकवता.

आप्पांना आम्ही पुण्याला आणलेलं नाही. ते किकवीलाच आहेत. रात्री झोपायला एक ओळखीची बाई येतात, म्हणजे आईला आठवड्यातून चार रात्री तरी नीट झोप मिळते. त्यांचा पगार तिघांत वाटून. या वेळी एक्सेल शीट करावी लागली नाही. दर शनिवार-रविवार आमच्यापैकी कुणीतरी जातं. दादाने खोलीची खिडकी मोठी करून घेतली, महामार्गाचा आवाज कमी व्हावा म्हणून शेजारीपाजारी दुहेरी काचा बसवत असताना!

जहाजाचं आप्पांना आठवतं का, असं सगळे विचारतात. मध्येच आठवतं. मागच्या महिन्यात बहिणीशी व्हिडिओवर बोलताना त्यांनी आपण होऊन विषय काढला. "मोठी गाडी होती. मुक्कामी. पण सकाळी कुणी पॅसेंजरच न्हाई आलं."

तर आता विचारणाऱ्या चौघांना. तुमच्यातले दोघं तरुण आहात, खुशाल आतली घ्या आणि वाचलेल्या पैशांत आणखी एकदा जा. तिसरी माझी मैत्रीण, तिला बोट लागते. तू मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, खिडकीची घे. आणि चौथा माझा मावसभाऊ, जो मावशी-काकांना न्यायचं म्हणतोय. तुला मी शनिवारी फोन करते. तोवर मावशीला एकटीला गाठून विचार, काका रात्री किती वेळा उठतात. काकांसमोर विचारू नकोस, ती "एकदाही नाही" म्हणेल.